फोन आणि कॉम्प्युटर एकाच वाय-फायवर, तरी फोटो जात नाहीत: अडथळा कुठे शोधायचा

तक्रार बहुतेक वेळा अशी असते: "परवापर्यंत फोटो जात होते. आज फोनला लॅपटॉप दिसतच नाही. दोन्ही एकाच वाय-फायवर आहेत." मग अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं जातं. तेही चाललं नाही की दुसरं अ‍ॅप शोधलं जातं. ते काही दिवस बरं चालतं आणि एखाद्या सकाळी पुन्हा तोच गोल फिरणारा 'शोधत आहे' दिसतो.

माझं ठाम मत आहे की अ‍ॅप बदलत राहण्यात वेळ वाया जातो. दोष बहुधा अ‍ॅपमध्ये नसतो. तो फोन आणि कॉम्प्युटर यांच्यामधल्या वाटेत असतो: राउटरमध्ये, विंडोजच्या फायरवॉलमध्ये (नेटवर्कवरून आत येणाऱ्याला अडवणाऱ्या पहारेकऱ्यामध्ये) किंवा फोनने न दिलेल्या परवानगीत. तो अडथळा एकदा शोधून काढला की कुठलंही बरं अ‍ॅप चालतं. न शोधता नवीन अ‍ॅप टाकलं तर तेही त्याच जागी अडकतं.

खाली मी मुख्यतः विंडोजचा कॉम्प्युटर आणि अँड्रॉइड फोन धरून लिहितो आहे, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत हीच जोडी असते. आयफोनसाठी जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

आधी दोन पत्ते पाहा

वाय-फायवर असलेल्या प्रत्येक उपकरणाला राउटर एक पत्ता देतो. फोनमध्ये वाय-फायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर टॅप केलं की 'आयपी अ‍ॅड्रेस' दिसतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय, मग जोडलेल्या नेटवर्कचे प्रॉपर्टीज. तिथे 'आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस' या नावाने तो सापडतो. दोन्ही कागदावर लिहून घ्या.

फोनचा पत्ता १९२.१६८.१.७ आणि कॉम्प्युटरचा १९२.१६८.१.१२ असेल तर पहिले तीन आकडे जुळतात. घरच्या राउटरवर याचा अर्थ दोन्ही एकाच नेटवर्कवर आहेत. पण एकाचा १९२.१६८.१.७ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.१०३ असेल, तर वाय-फायचं नाव आणि पासवर्ड अगदी सारखे असले तरी नेटवर्क दोन आहेत. अ‍ॅप कितीही वेळा टाका, त्यांना एकमेकांचा शोध लागणार नाही.

हे कसं होतं? फायबरवाला खालच्या मजल्यावर किंवा हॉलमध्ये त्याचा राउटर लावून जातो. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आपण दुसरा राउटर आणतो, पहिल्यापासून केबल ओढून त्याच्या 'वॅन' लिहिलेल्या छिद्रात लावतो आणि सोयीसाठी नावही तेच ठेवतो. इंटरनेट छान चालतं, त्यामुळे सगळं बरोबर आहे असं वाटतं. प्रत्यक्षात दुसऱ्या राउटरने स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं केलेलं असतं. फोन घेऊन तुम्ही आतल्या खोलीत गेलात की फोन त्या नेटवर्कवर जातो आणि हॉलमधला कॉम्प्युटर त्याच्या दृष्टीने नाहीसा होतो. "कधी दिसतो, कधी दिसत नाही" या तक्रारीमागे मला सगळ्यात आधी याच गोष्टीचा संशय येतो.

उपाय कायमचा आहे आणि पैसे लागत नाहीत. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ऑपरेशन मोड' असतो; तो 'राउटर' वरून 'अ‍ॅक्सेस पॉइंट' करा. मग तो फक्त रेंज वाढवतो, पत्ते पहिलाच राउटर वाटतो. जुन्या राउटरमध्ये हा पर्याय नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्या राउटरच्या मालिकेतला (पहिले तीन आकडे तेच), पण दुसऱ्या कुणाला न दिलेला असा करा, त्यातलं 'डीएचसीपी' (पत्ते वाटण्याचं काम) बंद करा आणि केबल 'वॅन'मधून काढून 'लॅन' लिहिलेल्या कुठल्याही छिद्रात लावा. काम तेच होतं.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. एकाच राउटरवर फोन वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर आणि कॉम्प्युटर २.४ वर असेल तर त्यामुळे सहसा काही बिघडत नाही. नावं दोन दिसली तरी आतून नेटवर्क एकच असतं.

पत्ते जुळतात, तरी दिसत नाही

फोटो पाठवताना अ‍ॅपला दोन कामं करावी लागतात. आधी नेटवर्कवर सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारून 'कोण कोण आहे' हे शोधायचं आणि मग सापडलेल्या उपकरणाला फाइल थेट द्यायची. अनेकदा पहिली गोष्टच अडते. राउटर ती हाक पुढे जाऊ देत नाही किंवा फायरवॉल ऐकू देत नाही. दुसरी वाट मात्र मोकळी असू शकते.

हे तपासायला मी लोकलसेंड वापरतो. ते फुकट आहे, त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही आणि विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन सगळ्यांवर चालतं. त्यात समोरच्याचा पत्ता हाताने टाकून पाठवायची सोय आहे, आणि निदानासाठी नेमकी तीच लागते. दोन्हीकडे अ‍ॅप उघडं ठेवा आणि दोन प्रयोग करा: फोनवरून कॉम्प्युटरचा पत्ता टाकून एक फोटो पाठवा, मग कॉम्प्युटरवरून फोनचा पत्ता टाकून एखादी फाइल फोनला पाठवा.

दोन्ही दिशांनी फाइल गेली तर फक्त हाक अडते आहे. काम अडायचं कारण नाही, पत्ता टाकून पाठवत राहा.

कॉम्प्युटरवरून फोनला जाते, पण फोनवरून कॉम्प्युटरला येत नाही, असं झालं तर दोष विंडोजच्या फायरवॉलचा आहे. फायरवॉल बाहेर जाणाऱ्याला सहसा अडवत नाही, आत येणाऱ्याला अडवते.

कुठल्याच दिशेने जात नसेल तर राउटरच दोघांना एकमेकांशी बोलू देत नाही, किंवा फोन अथवा कॉम्प्युटरवर व्हीपीएन (सगळी ये-जा दूरच्या सर्व्हरमार्गे वळवणारी सोय) चालू आहे. व्हीपीएन आधी बंद करून पाहा, कारण ते सगळ्यात सोपं आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर ते आपोआप चालू होत असेल आणि बंद करता येत नसेल, तर त्या लॅपटॉपवर घरचे फोटो घेण्याचा नाद सोडा. ऑफिसने ते मुद्दाम बांधून ठेवलेलं असतं.

विंडोज फायरवॉल: दोष पुन्हा पुन्हा का येतो

विंडोज प्रत्येक वाय-फायला 'पब्लिक' किंवा 'प्रायव्हेट' असा शिक्का मारतं. पब्लिक म्हणजे रेल्वे स्टेशन, हॉटेल, कॉफी शॉप. तिथे आत येणाऱ्या बहुतेक सगळ्यांना दार बंद. प्रायव्हेट म्हणजे घर. अडचण अशी की नवीन नेटवर्क दिसलं की विंडोज ते पब्लिकच धरतं. ब्रॉडबँड कंपनीच्या माणसाने राउटर बदलला, तुम्ही वाय-फायचं नाव बदललं, किंवा नेटवर्क रीसेट केलं, की विंडोजच्या लेखी ते नवं नेटवर्क होतं आणि शिक्का पुन्हा पब्लिकचा लागतो. "काही केलं नाही तरी बंद पडलं" यामागचं कारण पुष्कळदा हेच.

जिथे पत्ता पाहिला त्याच पानावर वरच्या बाजूला हे दोन पर्याय आहेत. घरच्या वाय-फायसाठी 'प्रायव्हेट' निवडा. बाहेरच्या वाय-फायसाठी हे कधीही करू नका.

दुसरी गोष्ट त्या छोट्या खिडकीची. नवीन अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं की विंडोज विचारतं, याला नेटवर्कवर परवानगी द्यायची का? घाईत आपण ती खिडकी 'कॅन्सल' करतो. तेव्हा विंडोज 'नंतर विचारू' असं समजत नाही. ते त्या अ‍ॅपला अडवण्याचा नियम लिहून ठेवतं आणि पुन्हा विचारत नाही. सर्चमध्ये 'अलाउ अ‍ॅन अ‍ॅप थ्रू विंडोज फायरवॉल' शोधा, 'चेंज सेटिंग्ज' दाबा, यादीत आपलं अ‍ॅप शोधून 'प्रायव्हेट'खाली खूण करा. लोकलसेंड ५३३१७ हे पोर्ट, म्हणजे आत येण्याचं क्रमांकाचं दार, वापरतं आणि केडीई कनेक्ट हे तसंच दुसरं अ‍ॅप १७१४ ते १७६४. वेगळा अँटिव्हायरस असेल तर त्याच्या फायरवॉलमध्ये हे आकडे लागतील. फायरवॉल पूर्ण बंद करा असा सल्ला अनेक जण देतात. मिनिटभर तपासण्यापुरतं ठीक आहे, पण तसं ठेवून देणं मला अजिबात मान्य नाही.

राउटरच बोलू देत नसेल तर

'गेस्ट' नावाच्या वाय-फायवर जोडलेली उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच त्याची रचना असते. फोन चुकून त्यावर गेला असेल तर मुख्य नावावर आणा. याशिवाय राउटरच्या वायरलेस सेटिंगमध्ये 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' असा पर्याय असतो. तो चालू असेल तर इंटरनेट सगळ्यांना मिळतं, पण फोन आणि लॅपटॉप एकमेकांशी बोलू शकत नाहीत. घरच्या राउटरमध्ये तो बंद करा.

होस्टेल, पीजी, लॉज, कॉलेज, ऑफिस इथे हे बंधन सहसा असतंच आणि ते आपल्या हातात नसतं. तिथे सरळ फोनचा हॉटस्पॉट चालू करा आणि लॅपटॉप त्यावर जोडा. मधला राउटरच निघून जातो. "डेटा पॅक संपेल ना?" असं लगेच विचारलं जातं. नाही. फोनमधून लॅपटॉपमध्ये जाणारा फोटो इंटरनेटवर जातच नाही, त्यामुळे दिवसाच्या डेटातून काहीही कापलं जात नाही. मात्र हॉटस्पॉट मिळताच लॅपटॉप स्वतःचे अपडेट उतरवू लागतो, तो डेटा नक्की जातो. म्हणून पाठवण्याआधी फोनचा मोबाइल डेटा बंद ठेवा; अँड्रॉइडवर हॉटस्पॉट सहसा त्याशिवायही चालतो. मोबाइलला रेंज नसलेल्या गावीसुद्धा फोटो असे उतरवता येतात.

परवानग्या

आयफोनमध्ये आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, घरच्या नेटवर्कवरची उपकरणं पाहायला प्रत्येक अ‍ॅपला वेगळी परवानगी लागते. ती एकदा नाकारली गेली की अ‍ॅपला कॉम्प्युटर दिसत नाही आणि कारणही कळत नाही. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे लोकल नेटवर्क, आणि अ‍ॅपसमोरचं बटण चालू. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅपच्या परवानग्यांत 'जवळपासची डिव्हाइस' पाहा. शिवाय इंटरनेट मंद वाटलं की आपोआप मोबाइल डेटावर जाणारे फोन आहेत; ते सेटिंग पाठवताना बंद असलेलं बरं.

अँड्रॉइडचं क्विक शेअर आणि अ‍ॅपलचं एअरड्रॉप या फोनमधल्याच फाइल पाठवायच्या सोयींचं गणित निराळं आहे. त्या समोरचं उपकरण शोधायला ब्लूटूथ वापरतात आणि फाइल वाय-फायने पाठवतात. त्यामुळे ब्लूटूथ नसलेल्या डेस्कटॉपवर क्विक शेअर गप्प बसतं, वाय-फाय कितीही चांगलं असो. गूगलचं निअरबाय शेअर आणि सॅमसंगचं क्विक शेअर २०२४ मध्ये एक झालं, तेव्हा जुन्या नावाने शोधत असाल तर ते आता क्विक शेअर या नावाने मिळेल. एअरड्रॉप विंडोजवर मिळत नाही. मॅक असेल आणि आयफोनवर 'एव्हरीवन' निवडलं असेल, तर नव्या आयओएसमध्ये ते १० मिनिटांनी आपोआप बंद होतं. काल चाललं, आज नाही, याचं तेही एक कारण.

शेअरइट आणि झेंडर यांची अनेकांना सवय होती. केंद्र सरकारने २९ जून २०२० रोजी ज्या ५९ अ‍ॅपांवर बंदी घातली त्यांत ही दोन्ही होती. कुठल्यातरी साइटवरून त्यांची फाइल उतरवून टाकू नका. घरातल्या सगळ्या फोटोंची परवानगी आपण त्या अनोळखी फाइलला देत असतो.

दिसतं, सुरू होतं, मध्येच तुटतं

इथे नेटवर्कपेक्षा फोनवर जास्त संशय घ्या. स्क्रीन बंद झाली की बॅटरी वाचवण्यासाठी फोन मागे चाललेलं अ‍ॅप थांबवतो. अ‍ॅपच्या बॅटरी सेटिंगमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' किंवा 'नो रिस्ट्रिक्शन्स' निवडा, बॅटरी सेव्हर बंद करा. आयफोनमध्ये अ‍ॅप समोर उघडं आणि स्क्रीन चालू ठेवण्यावाचून इलाज नाही. लॅपटॉपचं 'स्लीप'ही तेवढ्यापुरतं लांबवा. हजार फोटो एकदम निवडण्याऐवजी महिन्या-महिन्याचे गठ्ठे करा, म्हणजे तुटलं तर कुठे तुटलं ते कळतं.

एकच मोठी व्हिडिओ फाइल नेमाने शेवटी अडकत असेल आणि तुम्ही ती थेट पेन ड्राइव्हवर घेत असाल, तर तो ड्राइव्ह 'फॅट३२' पद्धतीचा आहे का पाहा. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. आधी कॉम्प्युटरच्या डिस्कवर घ्या.

वेगाबद्दल थोडं. साधारण ४ एमबीचे १००० फोटो म्हणजे ४ जीबी, म्हणजेच सुमारे ३२,००० मेगाबिट. ब्लूटूथ उत्तम स्थितीतही सेकंदाला सुमारे २ मेगाबिट देतं. त्या हिशेबाने ४ तासांहून जास्त वेळ लागतो. तेवढेच फोटो गर्दीच्या २.४ गिगाहर्ट्झवर ४० मेगाबिटने १३-१४ मिनिटांत आणि ५ गिगाहर्ट्झवर २०० मेगाबिटने ३ मिनिटांच्या आत जातात. दोन-चार फोटो सोडले तर ब्लूटूथच्या वाटेला जाऊ नका. आणखी एक: फोन आणि लॅपटॉप दोन्ही वाय-फायवर असतील तर प्रत्येक फोटो हवेतून दोनदा जातो, एकदा फोनकडून राउटरकडे आणि पुन्हा राउटरकडून लॅपटॉपकडे. एकाच बँडवर असतील तर वेग जवळजवळ निम्मा होतो. कॉम्प्युटर राउटरला केबलने जोडला तर फरक लगेच जाणवतो. इंटरनेटचा प्लॅन वाढवून यात काहीही फरक पडत नाही, कारण फोटो घराबाहेर जातच नाहीत.

पोचले, पण उघडत नाहीत किंवा दर्जा गेला

आयफोन २०१७ पासून, आयओएस ११ आल्यापासून, 'एचईआयसी' प्रकारात फोटो साठवतो. विंडोजमध्ये ते उघडले नाहीत तर फोटो खराब झालेले नसतात. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून 'एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन' टाका. त्याच्या जोडीला 'एचईव्हीसी' चंही लागू शकतं. पुढचे फोटो जेपीजीमध्येच हवे असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल'. आयफोनवर 'ऑप्टिमाइज आयफोन स्टोरेज' चालू असेल तर मूळ फोटो फोनमध्ये नसतो, आयक्लाउडमध्ये असतो. पाठवताना तो आधी उतरवावा लागतो, म्हणून अशा वेळी इंटरनेट चालू हवं.

व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच फोटो पाठवून व्हॉट्सअ‍ॅप वेबवर उतरवणं ही आपल्याकडची सगळ्यात रुळलेली पद्धत आहे आणि आठवणींचं सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. फोटो लहान केला जातो आणि तो कधी काढला ही आतली नोंदही निघून जाते. एचडी निवडलं तरी तो मूळ फोटो नसतो. दहा वर्षांनी आजीचा फोटो मोठा छापायला काढाल तेव्हा हे लक्षात येईल आणि तेव्हा मूळ फोन हातात नसेल. व्हॉट्सअ‍ॅपच वापरायचं असेल तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. फाइल जशी आहे तशी जाते.

कॉम्प्युटरवर सगळ्या फोटोंची तारीख आजचीच दिसते, अशीही तक्रार असते. एक्सप्लोररमध्ये जी दिसते ती बहुधा फाइल तयार झाल्याची किंवा बदलल्याची तारीख असते. रकान्यांच्या पट्टीवर राइट-क्लिक करून 'डेट टेकन' निवडा आणि त्यानुसार लावा. मूळ फोटो आला असेल तर खरी तारीख तिथे असते. फोटो कुठे काढला ही नोंद मात्र अँड्रॉइड १० पासून, परवानगी नसलेल्या अ‍ॅपला फोन देत नाही. ती हवी असेल तर अ‍ॅपच्या परवानग्यांत पाहा.

अ‍ॅपशिवायचे दोन रस्ते

फोनच्या अनेक फाइल मॅनेजरमध्ये 'एफटीपी' (फाइली नेटवर्कवरून देण्या-घेण्याची जुनी पद्धत) किंवा 'रिमोट' नावाची सोय असते. ती चालू केली की फोन एक पत्ता दाखवतो. तो क्रोममध्ये टाकून "चालत नाही" म्हणू नका. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनी २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकलं. तोच पत्ता विंडोजच्या फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत टाका, फोनचे फोल्डर उघडतील. इथे फोटो कुलूपबंद होऊन जात नाहीत, म्हणून हे फक्त घरच्या वाय-फायवर वापरा, पासवर्ड लावा आणि झाल्यावर बंद करा.

दुसरा रस्ता म्हणजे कॉम्प्युटरवर एक फोल्डर शेअर करून फोनच्या फाइल मॅनेजरमधून, किंवा आयफोनच्या फाइल्स अ‍ॅपमधल्या 'कनेक्ट टू सर्व्हर' मधून, तो उघडणं. एकदा बसवलं की वर्षानुवर्षं चालतं, म्हणून मला हा जास्त आवडतो. अडतं ते पासवर्डवर. विंडोज सुरू करताना जो चार आकडी पिन टाकता तो इथे चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. आणि खात्याला पासवर्डच नसेल तर विंडोज नेटवर्कवरून आत येऊ देत नाही. यासाठी राउटरच्या 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन'मध्ये कॉम्प्युटरला एक पत्ता कायमचा बांधून द्या, नाहीतर वीज जाऊन आल्यावर पत्ता बदलेल आणि तक्रार पुन्हा सुरू होईल.

फोनमधून काढून टाकण्याआधी

बहुतेक जण फोटो उतरवतात ते फोन भरला म्हणून, आणि लगेच फोनमधले काढून टाकतात. तिथे जरा थांबा. फोनच्या फोल्डरमध्ये किती फाइली आणि कॉम्प्युटरवर किती, हे आकडे जुळवा. एकूण आकारही जुळवा, कारण तुटलेली फाइलसुद्धा यादीत एक म्हणूनच मोजली जाते. सुरुवातीचे, मधले, शेवटचे काही फोटो आणि सगळ्यात मोठा व्हिडिओ उघडून पाहा. शक्य असेल तर दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या.

आणि गूगल फोटोज वापरत असाल तर त्या अ‍ॅपमधून 'डिलीट' करू नका. तिथे डिलीट केलं की फोनमधला आणि खात्यातला, दोन्हीकडचा फोटो जातो. बॅकअप झालेला असेल तर त्यातलेच 'फ्री अप स्पेस' वापरा. ते फक्त फोनमधली प्रत काढतं. चुकून गेलाच तर बॅकअप झालेला फोटो त्याच्या ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, बॅकअप न झालेला ३० दिवस. आयफोनच्या 'रिसेंटली डिलीटेड' मध्ये ३० दिवस मिळतात.